‘आदिवासी गाणी – २’ : एका कॅसेटची फाईल करताना

बाबांच्या कपाटात चपलांच्या जुन्या खोक्यात अकरा कॅसेट निघाल्या. नऊ विकतच्या, म्हणजे नाट्यगीतं, अभंग आणि गुलाम अलींची एक गझल-मैफल. उरलेल्या दोन कोऱ्या आणून घरी भरलेल्या. त्यांतल्या एकीवर निळ्या बॉलपेननं, फळ्यावर लिहावं तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘आदिवासी गाणी – २. मे ९९. जि. ठाणे.’ क्रमांक एकची कॅसेट कुठे गेली, हे आता घरात कुणालाच आठवत नाही.

१९९९ साली बाबा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घाटावरून बदली होऊन आलेला माणूस, भाषा निम्मीच कळायची. वर्गातल्या एका मुलाच्या बहिणीचं लग्न होतं, तिथे ते टू-इन-वन घेऊन गेले. पाड्यावर वीज नव्हती, म्हणून सहा मोठे सेल घातले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो आणि डहाणूत आईजवळ होतो. त्या लग्नातलं मला आठवण्यासारखं काहीच नाही. आहे ती ही कॅसेट.

गेल्या वर्षी सुट्टीत घरी होतो. म्हटलं, कॅसेट फोनवर घेऊन टाकू, बाबा खूश होतील. मी सॉफ्टवेअरवाला आहे, हे काम एका दुपारचं वाटलं. वायर लावायची, ऑडॅसिटीत रेकॉर्ड करायचं, फाईल करायची, म्युझिक अ‍ॅपच्या लायब्ररीत ढकलायची. त्या दुपारीचे नंतर पाच महिने झाले.

पहिली अडचण वेगाची. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं सरकायला हवी. जुन्या प्लेअरचा रबरी पट्टा सैल झाला की ती हळू सरकते आणि सगळा आवाज खाली येतो. सिनेमातलं गाणं असतं तर मूळ गाणं लावून जुळवलं असतं. तारप्याला मूळ पट्टी कुठली असणार? तारपा म्हणजे सुकवलेला भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. भोपळा वेलीवर जसा वाढेल तसा त्याचा सूर. दोन तारपे एका पट्टीत असतील अशी अपेक्षाच चूक.

सुटका झाली ती कॅसेटच्या दुसऱ्या बाजूमुळे. बाबांनी तिच्यावर शाळेची प्रार्थना भरली होती आणि साथीला स्वतः पेटी वाजवली होती. ती पेटी आजही आमच्या घरी आहे. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत साधारण सहा टक्क्यांचा फरक असतो. कॅसेटमधली पेटी घरच्या पेटीपेक्षा तीन टक्के खाली होती. तेवढा वेग वाढवला, प्रार्थना बरोबर लागली. मग तोच आकडा लग्नाच्या बाजूलाही लावला आणि स्वतःवर फार खूश झालो. त्यात एक चूक होती, ती कळायला बराच वेळ लागला. ते पुढे येईलच.

दोन्ही बाजूंच्या मिळून सहाशे एमबीच्या फायली झाल्या. त्यांचे गाण्यांप्रमाणे तुकडे केले आणि लायब्ररीत टाकले. पडद्यावर आलं : आर्टिस्ट – अननोन. अल्बम – अननोन. त्याखाली राखाडी चौकोनात संगीताचं एक चिन्ह.

तुम्हीही हे पाहिलं असेल. मामाच्या आवाजातलं भजन, कॉलेजच्या गॅदरिंगचं रेकॉर्डिंग, काहीही स्वतःचं टाकलं की अ‍ॅप हेच म्हणतं. आपण दुर्लक्ष करतो किंवा काहीतरी टाइप करून पुढे जातो. मीही टाइप करायला लागलो आणि अडकलो. टायटल काय लिहू? आर्टिस्ट कोण? बाबांना विचारलं. ते म्हणाले, “अरे, गाणारी बाई होती एक. वयस्क. आवाज बघ काय आहे.” नाव? नाव त्यांनी विचारलंच नव्हतं. ज्या माणसानं वर्गातल्या चाळीस मुलांची नावं, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्या हजेरीपटाला जोडून ठेवल्या होत्या, त्यानं कॅसेटवर ‘आदिवासी गाणी’ लिहिलं आणि भागवलं.

बाबांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. गाण्याला जोडायच्या नावाचा इतिहास शोधायला लागलो, तेव्हा दिसलं की ही सवय त्यांच्याहून बरीच जुनी आहे.

मार्च १८९० मध्ये जेसी फ्यूक्स नावाचा अमेरिकी अभ्यासक मेन राज्यातल्या कॅलिस गावी एडिसनचा फोनोग्राफ घेऊन गेला आणि पॅसामक्वॉडी जमातीच्या लोकांची गाणी-गोष्टी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवल्या. एखाद्या समाजाचा आवाज अभ्यासासाठी त्याच्याच वस्तीत जाऊन नोंदवण्याचे हे जगातले अगदी पहिले प्रयोग. नळकांड्यांबरोबर पुढे शतकभर फ्यूक्सचं नाव चाललं. संग्रह ‘फ्यूक्सचा’ झाला. आमची कॅसेट ‘बाबांची’ आहे, तशीच.

आपल्याकडे ग्रामोफोन आला तो धंदा म्हणून, आणि धंद्याला नाव लागतंच. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं नोंदवलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळायची ना कुणाचा आवाज कुणाचा ते. म्हणून गाणं संपल्यावर बाई स्वतःच इंग्रजीत म्हणायच्या, माय नेम इज गौहर जान. ऐकणाऱ्याला तो नखरा वाटतो. माझ्यासारख्याला तो मेटाडेटा वाटतो, आणि तोही कुणी पुसू शकणार नाही असा, कारण तो आवाजाच्या आतच आहे. बाबांच्या टू-इन-वनसमोर त्या बाईला कुणी सांगितलं असतं की शेवटी तुमचं नाव बोला, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

नावासाठी वेगळा रकाना संगणकाच्या काळात आला आणि फार कंजूषपणे आला. एमपीथ्री फाईलमध्ये सुरुवातीला फक्त आवाज होता. १९९६ मध्ये एरिक केम्पनं फाईलच्या शेपटीला १२८ बाइटांचा एक तुकडा जोडला, त्याचं नाव आयडीथ्री टॅग. गाण्याच्या नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, शेऱ्याला ३०, वर्षाला ४. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आज वापरात असलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीला तीन-तीन लागतात. ‘डहाणू तलासरी’ एवढंच लिहिलं तरी ३४ बाइट होतात. अर्थात त्या टॅगमध्ये देवनागरीची सोयच नव्हती, त्यामुळे मावण्याचा प्रश्नही पुढचा.

शेवटचा एक बाइट प्रकारासाठी होता. केम्पच्या यादीत ८० प्रकार, शून्य ते ७९. ही यादी एकदा पाहाच. त्यात ‘युरो-टेक्नो’ आहे, ‘अ‍ॅसिड पंक’ आहे, २३ नंबरला ‘प्रँक्स’ आहे, ‘सायकेडेलिक’चं स्पेलिंग चुकलंय ते आजतागायत तसंच आहे. ‘फोक’ मात्र नव्हतं. ते नंतर विनॅम्पवाल्यांनी वाढवलेल्या यादीत ८० नंबरला आलं. आमच्या कॅसेटसाठी तीन पर्याय होते : ४८ एथ्निक, ६४ नेटिव्ह अमेरिकन आणि ७२ ट्रायबल. ही यादी करणाऱ्याच्या मनात डहाणू नव्हतं, आणि असायचं काही कारणही नव्हतं. पण अशा घाईत केलेल्या याद्या फार चिवट असतात. तीस वर्षं झाली, आजही टॅग भरायच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रकाराचा ड्रॉपडाउन उघडा, तीच यादी समोर येते.

पुढच्या आवृत्तींत जागा भरपूर झाली, युनिकोड आलं, भाषेसाठीही रकाना आला. त्यात तीन अक्षरी कोड टाकायचा, आणि तोही ज्या प्रमाणित यादीतला टाकायचा तिच्यात मराठी आहे, वारली नाही. वारलीला स्वतंत्र कोड मिळाला तो २००७ मध्ये आलेल्या नंतरच्या, मोठ्या यादीत : व्ही-ए-व्ही. मी तोच टाकला. प्लेअरनं तक्रार केली नाही. प्लेअर भाषेचा रकाना वाचतच नाही, हेही खरं.

मोठ्या कंपन्यांच्या सीडींची नावं आपोआप येतात, ती कुठून? तीही कुणीतरी हातानंच भरलेली. नव्वदच्या दशकात सीडीडीबी नावाचा साठा सुरू झाला. सीडीवरच्या गाण्यांच्या लांबीवरून ती सीडी ओळखायची आणि जगभरच्या लोकांनी टाइप केलेली नावं पुरवायची. पुढे तो साठा व्यावसायिक झाला, त्याचं ग्रेसनोट झालं. फुकट टाइप केलेल्या लोकांना राग आला आणि त्या रागातून म्युझिकब्रेन्झसारखा सर्वांचा, खुला साठा उभा राहिला. म्हणजे लायब्ररीतली नावं हे यंत्राचं ज्ञान नाही. आधी कुणीतरी लिहिलं, म्हणून यंत्राला माहीत. तारप्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून अननोन.

डहाणू-तलासरीत डिजिटल संगीत पोहोचलं ते असल्या साठ्यांतून नव्हेच. ते आलं मेमरी कार्डावरून. मी शाळेत असताना एसटी स्टँडजवळच्या मोबाइल रिपेअरिंगच्या टपरीवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची. दोन जीबीचं कार्ड द्यायचं, दुकानदार त्याच्या कॉम्प्युटरवरचा अख्खा फोल्डर ओतायचा. हिंदी, गुजराती, आगरी-कोळी, आणि तारप्याचा तुकडा घेऊन त्यावर ढोल चढवलेले डीजे मिक्स. फाईलची नावं ‘तारपा डीजे न्यू फायनल २’ अशी. आर्टिस्टच्या रकान्यात कुठल्यातरी डाउनलोडच्या वेबसाइटचं नाव, नाहीतर मिक्स करणाऱ्या पोराचा मोबाइल नंबर. त्या पोराबद्दल मला आदर आहे. रकाना आपला आहे हे त्याला बरोब्बर कळलं होतं. ज्याचा तारपा कापून घेतला, त्याचं नाव मात्र तिथेही नव्हतं.

इथे थोडं चित्रांकडे वळतो, कारण या भागात हाच प्रसंग एकदा घडून गेलाय. वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. तो लिहायचा सवाशिणींनी, आणि समोर धवलेरी गाणी म्हणते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ब्राह्मण नाही, भटजी नाही, मंगलाष्टकांच्या जागी तिची गाणी. भिंतीवरच्या चित्राला सही नसायची, लग्न झालं की त्याचं काम संपलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी इथे आले, कागद आणि पांढरा रंग देऊन गेले. गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे कागदावर रंगवू लागले, रोज, लग्नाशिवाय. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा जगभर बातम्या आल्या. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. पण कागद आला तेव्हा त्याच्याबरोबर सहीची जागा आली, आणि पिढ्यान् पिढ्या भिंती लिहिणाऱ्या बायकांमधून नव्हे, तर एका पुरुषाच्या नावानं ती जागा पहिल्यांदा जगाला दिसली. बायकांची नावं बरीच उशिरा आणि थोडी आली. आणखी एक गंमत. त्या चित्रांतला गोल फिरणारा नाच आणि मधला तारपकरी आज साड्यांवर, कपांवर, रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर आहे. तो चित्रातला तारपा ओळखणाऱ्या शंभरांपैकी किती जणांनी तो प्रत्यक्ष ऐकलाय, हे तुमच्या ओळखीतल्यांना विचारून पाहा. चित्र सगळीकडे गेलं, आवाज मागेच राहिला.

नावासकट आवाज जपता येतो याचं उदाहरण मराठीतच आहे. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात त्यांच्या कामात बर्नार्ड बेल आले. ते संगणकशास्त्रातले, म्हणजे आमच्याच धंद्यातले. शंभरावर तास ध्वनिमुद्रण झालं. हा साठा २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर येतो आहे. तिथे प्रत्येक ओवीसोबत गायिकेचं नाव, गाव, तालुका, जात, कामधंदा आणि बहुतेक वेळा फोटो असतो. मी तिथे एका रात्री दोन-अडीच तास होतो. ऐकता ऐकता लक्षात आलं, की नाव-गाव वाचून ऐकलेली ओवी वेगळी ऐकू येते. ‘लोकसाहित्य’ नाहीसं होतं आणि एक बाई समोर बसते.

तर मी कॅसेट घेऊन पाड्यावर जायचं ठरवलं. सव्वीस वर्षं उशिरा, पण गेलो. जूनचा पहिला आठवडा होता. डहाणूहून बाइकवर. पाड्यावर आता वीज आहे, पक्की शाळा आहे. पोरं सकाळी वापी आणि उंबरगावच्या कंपन्यांत जातात. हद्द ओलांडली की गुजरात. १९६० पर्यंत ते उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच होतं. आणि आता इथे ठाणे जिल्हाच उरलेला नाही, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. कॅसेटवरचं ‘जि. ठाणे’ टॅगमध्ये काय म्हणून लिहायचं, हाही एक छोटा घोळ. मी दोन्ही लिहिलं.

बाबांच्या वर्गातला तो मुलगा कामावर होता. त्याची थोरली मावशी घरी होती, साठीच्या पुढची. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, “गुरुजींचा पोऱ्या!” आणि आत जाऊन कोरा चहा घेऊन आली. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. आधी तारप्याचा तुकडा लागला, तर ती हसायलाच लागली. जूनमध्ये तारपा? अजून आवणी व्हायचीय, भात दिसू दे तर खरं! तारपा नव्या भाताच्या दिवसांतला. माझ्या लायब्ररीत तो शफलवर कधीही लागतो, हे मी तिला सांगितलं नाही.

मग गाणं लावलं. तिचं हसू थांबलं. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “आमची आयच ही.” धवलेरी तिची आई होती. सोळा वर्षांपूर्वी वारली. तिचा आवाज कुणाकडेच नव्हता. फोटो होता एक, आधारच्या आधीचा, रेशनकार्डासाठी काढलेला.

पण ती पुन्हा म्हणाली, आय एवढ्या बारीक आवाजाची नव्हती.

इथे मला माझी चूक कळली. प्रार्थना शाळेत विजेवर भरली होती, लग्न सेलवर. तासन् तास चाललेले सेल उतरले की रेकॉर्ड करतानाच फीत हळू सरकते, आणि मग नीट वेगानं वाजवली की आवाज चढा लागतो. पेटीवरून काढलेला माझा आकडा या बाजूला लागूच नव्हता. मी ऑडॅसिटीत वेग एक टक्का कमी केला. तिनं मान हलवली, नाही. दोन टक्के. नाही. साडेतीनला ती काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. तेव्हा मी हात काढून घेतला. फाईल आता त्याच वेगाला आहे. तांत्रिक पुरावा विचारलात तर माझ्याकडे एका मुलीची आठवण आहे, दुसरं काही नाही.

आम्ही पूर्ण बाजू ऐकली. शेवटच्या चार मिनिटांत नवरी निघताना बायका रडतात. त्यातला एक आवाज तिच्या धाकट्या बहिणीचा होता, जी पुढे बाळंतपणात गेली. तो तुकडा कुणाला देऊ नको, ती म्हणाली. बाकीचं दे.

अशा ‘देऊ नको’साठी माझ्या अ‍ॅपमध्ये रकाना नाही. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना किम क्रिस्टन यांनी २००७ मध्ये मुकुर्तू नावाचा संग्रह उभा केला, त्यात हे आहे : कोणती गोष्ट कुणी पाहायची-ऐकायची ते त्या समाजाच्या नात्या-नियमांप्रमाणे ठरतं. पुढे त्याच धर्तीवर फाईलला लावायची लेबलं आली. त्यांतलं एक मोसमाचं आहे, म्हणजे हे ठराविक ऋतूतच वाजवा असं सांगणारं. फ्यूक्सच्या नळकांड्यांनाही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं अलीकडे पॅसामक्वॉडी लोकांनी स्वतः ठरवलेली लेबलं जोडली. मी तेवढं काही केलं नाही. चार मिनिटांचा तुकडा वेगळा कापला, पेन ड्राइव्हवर घातला आणि तिच्या हातात दिला. माझ्या लॅपटॉपवरून तिच्यासमोर पुसला. मूळ कॅसेटचं काय, असं तिनं विचारलं. ती घरीच होती. पुढच्या रविवारी बाबाच ती घेऊन गेले आणि तिथेच ठेवून आले.

उरलेल्या सात फायलींचे टॅग आम्ही ओट्यावर बसून भरले. आर्टिस्टमध्ये आईचं नाव. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते या लेखासाठी मागितलेलं नव्हतं. टायटलवर मात्र वाद झाला. मी पहिल्या ओळीवरून नाव द्यायला निघालो होतो. मावशीच्या मते ही वेगवेगळी गाणी नव्हतीच. चौक लिहिताना, हळद लावताना, मांडवात, अशी ती वेळ होती. म्हणून टायटलमध्ये वेळ लिहिली. अल्बममध्ये नवरीचं लग्न. प्रकाराचा रकाना रिकामा ठेवला.

संध्याकाळी तिचा नातू कंपनीतून आला. त्यानं फायली त्याच्या फोनवर घेतल्या, टॅग वगैरे बघितलेही नाहीत. पहिल्या फाईलवर बोट दाबून धरलं, रीनेम केलं आणि टाइप केलं : ‘आजीची आय’. मग ब्लूटूथ चालू करून शेजारच्या घरात गेला.